तीन नंबरमधलं जनावर

रस्त्यांची कंत्राटं घेणाऱ्या रामप्रसाद गुत्तेदाराच्या पोटात पहिली कळ आली तेव्हा त्याची गाडी उमापूरच्या शिवेवर होती. त्याने दुर्लक्ष केलं. दुसरी कळ आली तेव्हा त्याने गाडीतला एसी वाढवला, कारण कपाळावर घाम जमायला लागला होता. तिसरी कळ मात्र मुदत देणारी नव्हती. तालुक्याचं एसटी स्टँड समोर दिसताच त्याने गाडी रसवंतीच्या बाकड्याला लावून उभी केली, दार तसंच उघडं टाकलं आणि तो स्टँडमागच्या स्वच्छतागृहाकडे निघाला. त्या वेगाने त्याला आजवर कुणी चालताना पाहिलं नव्हतं.

एरवी रामप्रसाद सावकाश चालायचा. कमरेला रिव्हॉल्वर असलेल्या माणसाला घाई शोभत नाही, असं त्याचं मत होतं. परवाना मिळून चार वर्षं झाली होती. अर्जात त्याने 'जिवाला धोका' असं लिहिलं होतं. तो कुणापासून, हे आता त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं. एकही गोळी त्याने कधी झाडली नव्हती. पण लग्नाच्या पंगतीत बसताना तो सदऱ्याचा कोपरा हळूच वर सरकवायचा, वाढप्याची नजर कमरेकडे जायची आणि पानात जिलेबीची दोन वेटोळी जास्त पडायची. शस्त्राचा त्याला झालेला उपयोग एवढाच.

आज मात्र ते शस्त्र जमा करायचं होतं. जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या होत्या आणि परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात आणून देण्याचा हुकूम निघाला होता. लोकांनी आठ दिवसांपूर्वीच देऊन टाकल्या. रामप्रसादची लग्नाची आमंत्रणं संपत नव्हती, त्यामुळे त्याने शेवटचा दिवस गाठला. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती. आणि काल रात्रीच्या लग्नातला मटणाचा रस्सा आज दुपारी तीनला बदला घेत होता.

पुरुषांच्या बाजूला तीन संडास होते. एक नंबरचं दार निखळलेलं, दोन नंबरमध्ये कुणीतरी आधीच खोकत बसलेलं. तीन नंबर मोकळा होता. रामप्रसाद आत घुसला. पट्टा सैल करायचा तर रिव्हॉल्वर खाली घसरणार, म्हणून त्याने ते चामडी पाकिटासकट काढून झरोक्याच्या कट्ट्यावर ठेवलं. त्यानंतरची दहा मिनिटं त्याला जगातलं दुसरं काही आठवलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर कपिलधारचा धबधबा अंगावर घेतल्यासारखी शांतता होती. तेवढ्यात फोन वाजला. खडीची गाडी कुठेतरी अडली होती. दाराशी टेबल टाकून बसलेली बायनाबाई म्हणाली, "भाऊ, हात धुवा आदी." त्याने फोन खांद्याने कानाला दाबून हात धुतले आणि बोलत बोलतच तो गाडीत जाऊन बसला.

बायनाबाईला त्या टेबलामागे बसून चौदा वर्षं झाली होती. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, आवाज बारीक, पण त्या आवाजात सांगितलेलं ऐकलं नाही असं सहसा कुणी केलं नव्हतं. माणूस कितीही मोठा असो, तिच्यासमोरून जाताना तो घाईत असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि घाईतला माणूस वस्तू विसरतो. चष्मे, फोन, एकदा तर एका सरपंचांची कवळी. प्रत्येक वस्तू ती जपून ठेवायची आणि परत द्यायची. मात्र धन्याने वस्तूचं नाव आणि खूण आपल्या तोंडाने सांगितली पाहिजे, हा नियम. सरपंचांनी "एक खासगी वस्तू राहिली" असं चार वेळा सांगून पाहिलं. शेवटी "वरचे दात" म्हणाले तेव्हाच त्यांना ते मिळाले. चौदा वर्षांत एकही वस्तू चुकीच्या हातात गेली नव्हती.

रामप्रसाद गेल्यावर ती बादली आणि खराटा घेऊन तीन नंबरमध्ये गेली. कट्ट्यावर काळं काहीतरी दिसलं. कुणीतरी पट्टा विसरला असेल म्हणून तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ती ओरडली नाही. बादली खाली ठेवली, बाहेर आली, दाराला कडी घातली, कडीला कुलूप लावलं आणि टेबलापाशी येऊन विचार करायला लागली. पुरुषांच्या बाजूला कोण कुठल्या नंबरात जातो, हे ती कधी पाहत नसे.

फोन करून पोलिसांची गाडी बोलवावी, तर गाडीमागे शंभर माणसं येणार. 'बंदूक' हा शब्द स्टँडवर नुसता उच्चारला, तरी निम्मे लोक पळतील आणि निम्मे पळत येतील. आणि त्या येणाऱ्यांतले दहाजण तरी "माझीच हाय" म्हणतील. तेव्हा आधी ती वस्तू तिथून हलवायची, धनी येतो का पाहायचं आणि पाच वाजेपर्यंत, म्हणजे स्टँडवरही पुकारलेल्या बंदुका जमा करायच्या मुदतीपर्यंत, नाहीच आला तर स्वतः ठाण्यात नेऊन द्यायची. एवढं ठरवून ती झाकता येईल असं काहीतरी शोधायला उठणार, तोच लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी स्टँडवर येऊन थांबली. तिच्यातून जो पहिला माणूस उतरला तो पोटावर हात दाबूनच. तलवाड्याचा सटवा. त्याच्या मागे त्याची बायको रुक्मिणीबाई.

"मावशे, तीन नंबर खोल."

"न्हाई खोलायचा."

"कावून?"

"आत हाय."

"कोण हाय? कुलूप तर भाईरून हाय!"

"कोण न्हाई. काय हाय." बायनाबाई खोटं बोलत नसे, आणि खरं सांगायची सोय नव्हती. "तुमी जाऊ नका. धोक्याचं हाय."

सटवाने पोटावरचा हात काढला नाही, पण आवाज खाली आणला. "काळं हाय का?"

"काळंच हाय."

"केवढं?"

बायनाबाईने वीतभर दाखवलं आणि मग प्रामाणिकपणे वर दोन बोटं वाढवली.

"पिल्लू हाय," सटवा पुटपुटला. "पिल्लू लई वंगाळ. हालतंय का?"

"आत्ता तरी गप पडलंय."

"अन् तोंड कुणीकडं हाय?"

हा प्रश्न मात्र महत्त्वाचा होता. बायनाबाईने नीट आठवलं. "दाराकडं."

एवढं ऐकल्यावर सटवाची कळ जागच्या जागी जिरली. रुक्मिणीबाईला मात्र काही जिरवायची सवय नव्हती. "जनावर हाय! तीन नंबरात जनावर हाय!" असं ओरडत ती फलाटाकडे धावली. आमच्या भागात साप म्हणायचं टाळतात, जनावर म्हणतात. पण ते म्हटलं की साप म्हणण्यापेक्षा जास्त पळापळ होते. दोन नंबरमधला खोकणारा माणूस पायजम्याची नाडी हातात धरूनच बाहेर आला आणि खोकला तिथेच विसरून गेला. मिनिटभरात पुरुषांची बाजू रिकामी झाली.

बायनाबाईने हीच वेळ साधली. फिनाईलचा रिकामा, वरून कापलेला डबा तिने घेतला, तळाशी चिंध्या घातल्या आणि ती आत गेली. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं तिने ते पाकीट त्याच्या बंदाच्या टोकाला दोन बोटांत धरलं, तोंड भिंतीकडे राहील अशा बेताने डब्यात सोडलं, वरून आणखी चिंध्या कोंबल्या. तिने घाई केली नाही. डबा टेबलाखाली ठेवून त्याच्यापुढे ती खुर्ची ओढून बसली.

कुलूप तिने पुन्हा लावलं. खरं तर आता गरज नव्हती. पण वीस पावलांवर उभे राहून लोक त्या दाराकडे कसे पाहताहेत हे तिने पाहिलं, आणि तिच्या मनात एक विचार आला. साप असलेल्या खोलीपासून शहाणा माणूस दूर पळतो. तरीही त्या खोलीत जायला जो तडफडेल, त्याचीच वस्तू आत राहिली असणार. धनी शोधायला याहून चांगली चाळणी नव्हती. ती पदर खोचून वाट पाहत बसली.

इकडे रामप्रसाद ठाण्यात पोचला होता. शस्त्रांच्या रजिस्टरवर दीपमाला हवालदार बसल्या होत्या.

"या भाऊ. अख्ख्या तालुक्याच्या बंदुका आल्या, तुमचीच तेवढी राहिली," त्या म्हणाल्या. त्यांनी परवाना पाहिला, झेरॉक्स पाहिली, फोटो पाहून रामप्रसादकडे पाहिलं. "हं. आता हत्यार."

रामप्रसादने सवयीप्रमाणे सदऱ्याचा कोपरा हळूच वर सरकवला. दीपमालाबाईंनी पाहिलं. त्यानेही पाहिलं. तिथे नुसता पट्टा होता.

"गाडीत राहिलं," तो म्हणाला.

"आना मंग. पाचला साहेब रजिस्टर बंद करणार हाईत."

त्याने गाडीतल्या सीटा उलट्या केल्या, पायपुसणी झटकली, स्टेपनीखाली हात घातला. काही सापडेना. मग पोटात एक जुनी कळ बारीकशी उठली आणि तिने त्याला सगळ्याची आठवण करून दिली. झरोका. कट्टा. तीन नंबर.

शस्त्र हरवलं म्हणून सांगावं तर परवाना जाणार, वर गुन्हा. तेही एक वेळ सोसलं असतं. पण पेपरात बातमी येणार आणि बातमीत जागा छापून येणार. गुत्तेदार रामप्रसाद यांचं रिव्हॉल्वर नेमकं कुठे राहिलं, हे जिल्हाभर चहासोबत वाचलं जाणार. त्याने गाडी वळवली.

स्टँडवर जत्रा भरली होती. "काय झालं?" त्याने एकाला विचारलं.

"तीन नंबरात नाग हाय. पाच फुटी." वीतभर पिल्लू फलाटावरून हिंडून येईपर्यंत पाच फुटांचं झालं होतं.

रामप्रसादला साप म्हटलं की घाम फुटायचा. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकातलं सापाचं पान तो डोळे मिटून उलटायचा, हे त्याच्या बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आता त्या एवढ्याशा खोलीत एका बाजूला नाग होता आणि दुसऱ्या बाजूला त्याची अब्रू. घड्याळात सव्वाचार झाले होते.

गर्दी दुभंगली आणि सर्पमित्र बजरंग आला. हातात लोखंडी आकडा, खांद्याला कापडी पिशवी, पायांत गुडघ्यापर्यंत बूट. त्याने आल्याबरोबर एकाच्या हाती मोबाईल देऊन शूटिंग चालू करायला सांगितलं. "मंडळी, मागं सरका. घाबरू नका. साप आपला दोस्त हाय. मावशी, चावी."

"थांब!" रामप्रसाद गर्दीतून ओरडला. "मी जातो आत."

बजरंगने त्याला वरून खाली पाहिलं. "कावून भाऊ? तुमी गुत्तेदार. तुमाला काय कळतंय यातलं?"

"मला जायचं हाय."

"जायचंच असंल तर दोन नंबर मोकळा हाय की!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. रामप्रसाद हसला नाही. तो पांढराफटक पडला होता, ओठ सुकले होते, गुडघे स्पष्ट कापत होते. तरी पाऊल मात्र दाराकडेच होतं.

बायनाबाई हे सगळं निरखत होती. आत जायला दोघं उत्सुक होते. एकाकडे आकडा, पिशवी, बूट. दुसऱ्याकडे काहीच नाही, पायात नुसती चप्पल. एकाचा तो धंदा होता. दुसरा मरणाला भीत होता आणि तरी जाऊ म्हणत होता. तिने चावी पुढे केली.

"बजरंगा, तू ऱ्हाऊ दे. या भाऊला जाऊ दे."

"मावशे, यडी झालीस का? चावला बिवला तर जिम्मेदारी कुणाची?"

"माझी," बायनाबाई म्हणाली.

रामप्रसादने कुलूप काढलं. मनातल्या मनात त्याने ज्या ज्या देवाला नारळ कबूल करता येईल त्या सगळ्यांना केला, डोळे मिटले, आत शिरला आणि आपल्यामागे दार लावून घेतलं. गर्दीने श्वास रोखला. आतून बादली कलंडल्याचा आवाज आला. मग खराटा पडला. मग नळ खाडकन आपटला. "धरला वाटतं," सटवा कुजबुजला. तो आता कळ पूर्ण विसरून पहिल्या रांगेत उभा होता.

दार उघडलं. रामप्रसाद बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब उरला नव्हता.

"काय झालं भाऊ? केवढा होता?"

"न्हाई," रामप्रसाद म्हणाला.

"काय न्हाई?"

"तिथं न्हाई! आत्ता ठिवलं... आत्ता होतं! कुणीतरी नेलं!"

"साप कोण नेतंय बे?" बजरंग म्हणाला.

मग रुक्मिणीबाईच्या डोक्यात उजेड पडला. "आवं, आत न्हाई म्हंजी भाईर हाय!"

त्यानंतर स्टँडवर जे झालं ते तिथले लोक अजून सांगतात. फलाटावरची माणसं बाकड्यांवर चढली. बाकड्यांवर जागा संपल्यावर गाड्यांत चढली. कुठल्या गावची गाडी हे कुणी पाहिलं नाही. वऱ्हाडातला नवरदेव बाशिंगासकट रसवंतीच्या चरकावर जाऊन बसला. तलवाड्याच्या गाडीचा चालक प्रत्येक सीटखाली काठी घालून बघितल्याशिवाय गाडी हलवायला तयार होईना. कंट्रोलरने माईकवरून "प्रवाशांनी घाबरून जाऊ नये" असं जाहीर केलं. मात्र ते तो टेबलावर उभा राहून जाहीर करत होता हे खिडकीतून सगळ्यांना दिसत होतं. बजरंग आकडा घेऊन गटारीच्या बाजूने धावला, आणि शूटिंग करणारा त्याच्यामागे.

स्वच्छतागृहाच्या पायरीवर एकटा रामप्रसाद उरला, डोकं हातात धरून. आणि टेबलामागे बायनाबाई.

तिने त्याला तांब्याभर पाणी दिलं. "भाऊ, काय हरवलं?"

"काय न्हाई मावशी."

"काय न्हाई हरवलं म्हणून नागाच्या खोलीत गेलताव?"

तो पाणी प्यायला. "एक वस्तू राहिली माझी."

"वस्तूला नाव असतंय."

"कामाची वस्तू हाय. चामड्याच्या पाकिटात."

"पाकिटात काय?"

"मावशी, तुमाला सापडली का? सापडली असंल तर द्या की. कशाला जीव घ्यायलाव?"

"नाव सांगा. खूण सांगा. सरपंचानं बी सांगितलं होतं."

रामप्रसादने चहूकडे पाहिलं. जवळपास माणूस नव्हता; सगळे उंच जागी होते. तरीही तो टेबलावर ओणवा झाला आणि इतक्या हळू बोलला की बायनाबाईला कान पुढे करावा लागला. "रिव्हॉल्वर."

"अन् खूण?"

"मुठीवर र काढलाय. बायकोनं नेलपॉलिशनं."

बायनाबाईने टेबलाखालून डबा ओढला, चिंधी बाजूला सारली, वाकून पाहिलं. लाल रंगाचा र होता. तिने चिंधी परत ओढून घेतली. रामप्रसादने हात पुढे केला, पण डबा तिने आपल्या कुशीत घेतला.

"ही जमा करायला निघाला व्हताव ना? पाचच्या आत?"

"हो मावशी. द्या, पळतो."

"मी येते. वस्तू जिथं पोचायची तिथं पोचली म्हंजी माझं काम संपलं. एकदा तुमच्या हातून राहिली, रस्त्यात पुन्यांदा राहिली तर?"

बायनाबाईने रुक्मिणीबाईला बाकड्यावरून खाली बोलावलं. "अक्का, घटकाभर माझ्या खुर्चीवर बस. आता काय बी न्हाई इथं." तिच्या आवाजात असं काही होतं की रुक्मिणीबाई खरंच उतरली आणि बसली; वर तिने सटवाला दोन नंबरमध्ये धाडून दिलं.

गाडीत रामप्रसाद म्हणाला, "मावशी, एवढं म्हणा की गाडीतच सापडलं. सीटखाली."

"मी काय बी म्हणणार न्हाई. वस्तू तुमची, बोलायचं बी तुमीच."

पाचला दहा मिनिटं कमी असताना फिनाईलचा डबा ठाण्यातल्या टेबलावर आला. दीपमालाबाईंनी नाकाला रुमाल लावला. "हे काय?"

"माझं शस्त्र," रामप्रसाद म्हणाला.

त्यांनी चिंध्या काढल्या, रिव्हॉल्वर उघडून गोळ्या मोजल्या, नंबर ताडून पाहिला. "ह्या डब्यात कसं?"

रामप्रसादने तोंड उघडलं. गाडी, सीट, खड्डे, सगळी वाक्यं जुळवून तयार होती. त्याने एकदा बायनाबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत होती. तिने डोळे वटारले असते तर त्याला खोटं बोलणं सोपं गेलं असतं. ती नुसती उभी होती, त्याच्यावर सोडून. तयार वाक्यं एकेक करून गळाली.

"मी विसरलतो मॅडम. या मावशींनी सांभाळलं."

दीपमालाबाईंनी पेन उचललं. "कुठं विसरला?"

"स्टँडवर."

"स्टँडवर नेमकं कुठं?"

"तीन नंबर."

"फलाट नंबर तीन," त्या लिहायला लागल्या.

"न्हाई मॅडम." तो खाली मान घालून म्हणाला. "फलाट न्हाई."

पेन थांबलं. दीपमालाबाईंनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा बायनाबाईकडे, आणि मग नाकावरचा रुमाल तोंडावर घेऊन त्या बराच वेळ खोकल्या.

साहेबांनी मात्र हे हसण्यावारी नेलं नाही. दहा मिनिटं त्यांनी रामप्रसादला उभ्याने जे सुनावलं ते बाहेरच्या कोठडीपर्यंत ऐकू गेलं. भरलेलं शस्त्र, गर्दीची जागा, एखाद्या लेकराच्या हाती लागलं असतं तर? रामप्रसादला हे शेवटचं तोवर सुचलंच नव्हतं. त्याने मान वर केली नाही. निष्काळजीपणाबद्दल परवाना का रद्द करू नये, याची नोटीस त्याच्या हातात पडली. मग साहेबांनी बायनाबाईला खुर्ची दिली आणि चहा मागवला.

"चहा नको साहेब. खुर्चीवर पावनी बाई बसवून आले मी," ती म्हणाली. "मला तेवढा एक कागद द्या. वस्तू दिली म्हणून. उद्या कुणी विचारलं तर?"

साहेबांनी स्वतःच्या हाताने तो कागद लिहून दिला, सही केली, शिक्का मारला आणि ती निघाली तेव्हा ते उठून उभे राहिले. ठाण्यातल्या कुणी त्यांना असं आमदारासाठीही झटकन उठताना पाहिलं नव्हतं.

खरी गोष्ट अशी ठाण्याच्या कागदांत बंद झाली. बाहेर मात्र वेगळीच फिरत होती. बजरंगच्या मोबाईलवरचं शूटिंग त्या रात्रीतच तालुकाभर गेलं. त्यात एक माणूस रिकाम्या हातांनी, साध्या चपलेवर, नाग असलेल्या खोलीत शिरत होता आणि वर दार लावून घेत होता. साप न सापडल्याचा बजरंगने असा खुलासा केला की, इतका निधड्या छातीचा माणूस समोर पाहून जनावरानेच वाट सोडली असणार. पुढच्या लग्नात रामप्रसाद पंगतीला बसला तेव्हा त्याने सदऱ्याला हातही लावला नाही. लावून काय दिसणार होतं? तरी वाढपी त्याच्यापुढे थांबला, हात जोडले आणि जिलेबीचं ताटच खाली ठेवून गेला. रामप्रसादला ते चार दिवस फार आवडलं.

पाचव्या दिवशी फोन यायला लागले. कुणाच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये जनावर, कुणाच्या कडब्यात. "भाऊ, बजरंग आकडा घेऊन येतंय, तुमी नुसतं उभं ऱ्हावा." पहिले दोन फोन त्याने परगावी असल्याचं सांगून टाळले. तिसरा त्याच्या बायकोने, संगीताने, उचलला. "हां, हाईत की घरीच. पाठवते," ती म्हणाली. नवऱ्याबद्दल तिला इतका अभिमान लग्नानंतर पहिल्यांदाच वाटत होता. तो मोडायची रामप्रसादला हिंमत झाली नाही. त्या दिवशी तो शेताच्या बांधाला गाडी लावून, काचा वर करून बजरंग येईपर्यंत आतच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टँडवर आला, गाडी नीट जागेवर लावली आणि बायनाबाईच्या टेबलापाशी उभा राहिला.

"मावशी, तुमी तरी सांगा लोकायला. तिथं साप नव्हता म्हणून."

"सांगते की. पण मंग लोक इचारतील, साप नव्हता तर काय होतं? त्याला काय सांगू?"

रामप्रसादने तिच्या टेबलावरच्या रजिस्टरची पानं चाळली.

"अन् साप हाय असं मी कवाच म्हणले न्हाई. लोक म्हणले." तिने रजिस्टर बाजूला सारलं. "तुमाला खोट्याचं मोठेपण मिळालं म्हणून वंगाळ वाटायलंय का?"

"वंगाळ न्हाई, भ्या वाटायलंय. मला सापाचं लई भ्या हाय मावशी. लहानपणापासून."

"ते मला त्याच दिशी दिसलं. गुडघे हालायले होते तुमचे." बायनाबाई पहिल्यांदाच थोडी हसली. "पण आत नाग हाय असं समजूनच तुमी गेलताव ना? अन् ठाण्यात सीटखालचं सांगायचं होतं, ते बी सांगितलं न्हाई. मी गाडीभर वाट बघत होते, माणूस काय बोलतंय म्हणून. बंदूक लावून चार वर्सं हिंडलाव, तवा मी तुमाला वळखत बी नव्हते. आता वळखते."

तेवढ्यात रामप्रसादच्या खिशातला फोन वाजला. त्याने नंबर पाहिला आणि फोन कानाला लावला. पलीकडून कुणीतरी बाई घाबरून बोलत होती. घरात म्हातारी एकटी, चुलीमागे जनावर, बजरंग दुसऱ्या गावी गेलेला.

"दार लावून भाईर उभं ऱ्हावा," रामप्रसाद म्हणाला. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "कुणी मारू नका त्याला. मी बजरंगला गाठतो अन् घेऊन येतो. आलोच."

"चपलीवर जाऊ नका," बायनाबाई म्हणाली.

रामप्रसाद गाडीकडे धावत निघाला, मध्येच थबकला, आपल्या पायांकडे त्याने पाहिलं, आणि वळून स्टँडसमोरच्या बुटांच्या दुकानात शिरला.